पहिल्या जागेवरचा चेहरा

लांज्याच्या पुढे, घाटाकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या सर्पविष संशोधन केंद्रात त्या काळी ‘वेळ मिळाला नाही’ हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकू येत नसे. केंद्रातच कशाला, बँकांत, कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांतसुद्धा ते वाक्य बोलण्यातून नाहीसं होत चाललं होतं. पूर्वी तार आणि ट्रंककॉल हे शब्द नाहीसे झाले तसं. वेळ नसतो हे कधीच खरं नसतं, ओढ नसते, हे लोकांना कळून चुकलं होतं. आणि ओढ आता लावून घेता येत होती.

माणसाच्या कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणींच्या जरा वर, मेंदूचा एक लहानसा भाग आहे. चहाची तल्लफ, अर्धा राहिलेला अहवाल, आईला करायचा फोन, पाठदुखीसाठी सांगितलेला व्यायाम, अशा एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टींचं वजन तो एकाच तराजूत करतो. ज्याचं पारडं जड, ते काम आपल्या हातून होतं. बाकीच्यांना आपण ‘उद्या’ म्हणतो. शास्त्रज्ञांनी तिथल्या पेशींना ‘मोलपेशी’ असं नाव दिलं होतं. पुढे त्यांच्या असंही लक्षात आलं की डोक्यावर एक टोपी चढवून, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी अगदी हलक्या हाताने तिथे सोडल्या, तर त्या क्षणी मोलपेशींनी लावलेला क्रम वर्षभरापुरता घट्ट करता येतो. यालाच ‘क्रमबंध’ म्हणत. पाडव्याला केलेला संकल्प अक्षय्य तृतीयेपर्यंत विझून जायचा तो जमाना मागे पडला. बंध घेतलेल्या माणसाला सकाळी डोळे उघडताच आपलं ध्येय आठवे, आणि दुसरं काही करत असला तरी मन तिकडेच धाव घेई. यात जबरदस्ती काही नव्हती. त्याला वाटायचंच तसं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर वैजयंती केळुसकर क्रमबंधाच्या खुर्चीत बसली तेव्हा तिच्या मनात धाकधूक नव्हती. पंधराएक वर्षांपूर्वी ती या केंद्रात आली होती. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायची जुनी पद्धत होती, ती सुधारण्याचं काम तिच्याकडे होतं. हात सफाईचा, वाचन दांडगं, आणि तरी गेली काही वर्षं आपण एकाच जागी पाय आपटत आहोत असं तिला वाटत होतं.

“पहिलं ध्येय मोठ्याने सांगा,” डॉक्टर बेडेकर म्हणाले. मेंदूशास्त्रज्ञ अच्युत बेडेकर दर पाडव्याच्या सुमाराला रत्नागिरीहून यंत्र घेऊन येत. आवाज मऊ, आणि सारखा चष्मा पुसायची सवय.

“फुरशाच्या दंशावर उन्हातान्हात टिकणारं औषध. खेड्यातल्या शेवटच्या आरोग्य केंद्रापर्यंत.”

“छान. आता नुसते शब्द धरून बसू नका. ते ध्येय मनात जिवंत होऊ द्या. हे सगळं विरजणासारखं आहे बघा. यंत्र दही तयार करत नाही, ते फक्त ऊब देतं. विरजण तुमचं तुम्हीच आणायचं.”

वैजयंतीने डोळे मिटले. तिने औषधाची कुपी डोळ्यांपुढे आणली, आरोग्य केंद्राची कौलारू इमारत आणली, दंश झालेल्या बाईचा सुजलेला पाय आणला. चित्रं आली, पण कागदी वाटली. मग कुणी न बोलावता वेगळंच एक चित्र येऊन उभं राहिलं. महिन्यापूर्वीचा सभागृहातला समारंभ. व्यासपीठावर नीलोफर परकार, अंगावर मोरपिशी ओढणी, आणि उभे राहून टाळ्या वाजवणारे लोक. त्या टाळ्यांत वैजयंतीही होती. तळवे लाल होईस्तोवर तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

“धरा, तेच धरून ठेवा!” बेडेकर म्हणाले. “काय ज्योत आहे! इतक्या सहज लागलेला बंध मी फार थोड्यांचा पाहिलाय.”

तिने डोळे उघडले, आणि आपण काय पाहिलं ते त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंही नाही.

नीलोफर आणि ती केंद्रात एकाच दिवशी रुजू झाल्या होत्या. लांज्याच्या बाजारपेठेमागे दोघींनी मिळून एक खोली घेतली होती. एकच स्टोव्ह, एकच आरसा. नीलोफरची अम्मी राजापूरहून फणसाची सांदणं पाठवायची ती डब्यावर दोघींची नावं घालून. वैजयंतीचे वडील गेले तेव्हा दापोलीपर्यंत तिच्यासोबत एसटीने गेली होती ती नीलोफर. ही मैत्री खोटी नव्हती. पण मैत्रीच्या पोटातच केव्हातरी दुसरं काहीतरी वाढायला लागलं. नीलोफरने घोडे सोडून दिले आणि यीस्टच्या पेशींकडून प्रतिपिंड बनवून घ्यायला सुरुवात केली. विषाचा नेमका कण ओळखून त्याला घट्ट मिठी मारणारे प्रथिनांचे रेणू म्हणजे प्रतिपिंड. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं, आणि ते काम यशस्वी झालं. तेव्हापासून संचालक कुठलाही प्रश्न आला की म्हणायला लागले, “नीलोफरला विचारून बघा.” वैजयंती शेजारीच बसलेली असली तरी म्हणायचे.

तीन शब्दांचं ते वाक्य वैजयंतीला जेवताना आठवे, वेणी घालताना आठवे.

क्रमबंधानंतरचे महिने तिच्या आयुष्यातले सर्वांत तेजस्वी महिने होते. पहाटे आपोआप जाग यायची. आळस, डोकेदुखी, नातेवाइकांची लग्नं हे सगळं कुठेतरी मागे, पाठीमागच्या बाकावर जाऊन बसलं. वर्षानुवर्षं रखडलेले प्रयोग तिने उरकले. केंद्रातले लोक म्हणू लागले की केळुसकर मॅडम यंदा सुटल्यात. नवरा सुहास फोनवर म्हणाला, “तुझा आवाज किती वर्षांनी असा ऐकतोय.” तो चिपळूणला कॉलेजात शिकवायचा आणि शनिवार-रविवार यायचा.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. तिच्या खिडकीतून अंगणापलीकडे नीलोफरची प्रयोगशाळा दिसे. सकाळी आल्यावर स्वतःच्या शीतपेटीआधी तिची नजर त्या खिडकीकडे जाई. नीलोफर व्हरांड्यातून गेली की पावलांवरून हिला कळे, काल रात्रीचा प्रयोग जमला की फसला. फसला असेल तर वैजयंतीचं काम त्या दिवशी झपाट्याने होई. जमला असेल तर त्याहूनही झपाट्याने.

मे महिन्यात एक गोष्ट घडली. कोकणातल्या कातळसड्यांवर एक बारीक गवत उगवतं. उन्हाळ्यात ते वाळून कोळ होतं. हातात चोळलं तर भुगा होईल असं. आणि पाणी मिळालं की घटकाभरात पुन्हा हिरवं. कोरडं पडलं तरी आतली प्रथिनं मोडू न देणारी एक साखर त्याच्यात असते. त्या गवताचा अर्क घातला तर आपलं प्रतिविष उष्णतेत टिकेल का, हे वैजयंती पाहत होती. तुलनेसाठी तिने नीलोफरकडून तिच्या प्रतिपिंडांचा थोडा नमुना मागून आणला होता. सगळ्या कुप्या खिडकीच्या उन्हात ठेवल्या होत्या. आठवड्याभराने तपासल्या, तर तिचं स्वतःचं प्रतिविष पार नासलेलं. नीलोफरचा नमुना मात्र अर्कासोबत जसाच्या तसा राहिला होता. शीतपेटीतून आताच काढल्यासारखा.

वैजयंतीने निष्कर्ष नोंदवला, कुप्या धुवायला दिल्या आणि पुढच्या कामाला लागली.

तिने काही लपवलं, असं तिच्या मनात क्षणभरही आलं नाही. सांगायला हवं, असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशीही वाटलं. पण ते वाटणं इतकं फिकट होतं, आणि समोरचं काम इतकं लखलखीत, की सांगणं रोज एक पायरी खाली घसरत गेलं. आधी स्वतःचं ध्येय, मग लोकांचं; केंद्रात सगळे असंच वागत. त्यालाच शिस्त म्हणत.

जून उजाडला तसं नीलोफरच्या औषधाला काही निवडक आरोग्य केंद्रांत वापरून पाहायची परवानगी मिळाली. एका दुपारी ती चहाचा कप घेऊन वैजयंतीच्या टेबलाच्या कडेवर येऊन बसली.

“वैजू, मी अडकलेय गं. शीतपेटीत ठीक आहे, बाहेर काढलं की दोन दिवसांत पाणी. खेड्यांत वीज कुठे असते पावसाळ्यात? काय काय घालून बघितलं, काही उपयोग नाही.”

“होईल गं,” वैजयंती म्हणाली. “तुझं होतंच शेवटी.”

“तुझ्या तोंडात साखर पडो.”

नीलोफर गेली. वैजयंतीच्या जिभेवर खरंच काहीतरी गोड रेंगाळलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते गेलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मोठं वादळ झालं. कोंडमाळ नावाच्या वाडीत लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलं होतं. पाऊस थोडा उघडला म्हणून सुगंधाबाई भुवड शेतात उतरल्या, आणि पेंढीखाली बसलेल्या फुरशाने त्यांना हाताला धरलं. मुलाने मोटारसायकलवर घालून आरोग्य केंद्रात नेलं. तिथे नीलोफरचं औषध होतं. डॉक्टरने वेळ न दवडता टोचलंही. पण वादळात तारा तुटून वीज दोन दिवस गेलेली होती, आणि कुपीत उरलं होतं ते नुसतं पाणीच. जिल्ह्याच्या रुग्णालयात नेताना वाटेतच सुगंधाबाई गेल्या.

वैजयंती त्यांना ओळखत होती. साप पकडून आणायच्या कामासाठी नोकरीच्या पहिल्या वर्षात ती कोंडमाळला जायची तेव्हा याच सुगंधाबाई तिला अडवायच्या. “बाय, दोन घावने खा नि मंग जा सापामागं. साप काय पलत नाय.” आणि चुलीसमोर पाट मांडायच्या.

बातमी तिला व्हरांड्यात कळली. संचालकांच्या खोलीतून बाहेर आलेला कारकून सांगत होता की परकार मॅडमच्या औषधाच्या चाचण्या थांबवल्या आहेत. वैजयंतीच्या छातीत काहीतरी अलगद सैल झालं. खूप दिवस उचलून धरलेलं ओझं खाली ठेवावं तसं. मग कारकुनाने बाईंचं नाव सांगितलं.

ती दुःखाची वाट पाहू लागली. ते आलं, नाही असं नाही. पण उशिरा कामावर आलेल्या माणसासारखं मान खाली घालून आलं आणि मागे कुठेतरी बसलं. पुढच्या खुर्चीवर ते सैलपण तसंच पाय पसरून बसलं होतं. वैजयंतीला स्वतःची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून ती रत्नागिरीला बेडेकरांच्या दवाखान्यात गेली.

“डॉक्टर, मला रडू उशिरा येतंय,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“ओळखीची बाई गेली, माझ्या मैत्रिणीच्या औषधाने काम केलं नाही म्हणून. ऐकल्यावर आधी दुसरंच काहीतरी वाटलं.”

“काय वाटलं?”

“बरं वाटलं.”

बेडेकरांनी पुसायला घेतलेला चष्मा तसाच हातात धरला. मग त्यांनी यंत्राची टोपी काढली, तिच्या डोक्यावर बसवली आणि पडदा तिला दिसेल असा वळवला. “मी सांगेन त्याचा विचार करा. तुमची प्रयोगशाळा.” पडद्यावरची रेघ किंचित वर आली. “तुमचं औषध, तयार झालेलं.” रेघ तिथेच राहिली. “तुमचे मिस्टर. तुमची आई.” रेघ खाली गेली. “ज्या कामामुळे ती बाई गेली, ते ज्यांचं काम आहे त्या व्यक्तीचा विचार करा.”

रेघ पडद्याच्या बाहेर गेली.

बाहेर मिरकरवाड्याच्या बाजूने मासळीच्या टेम्पोंचे हॉर्न ऐकू येत होते.

“पण मी शब्द वेगळे उच्चारले होते,” वैजयंती शेवटी म्हणाली.

“यंत्राला शब्द कळत नाहीत. शब्द उच्चारताना मनात जे जिवंत असतं त्याला ते धरतं. तुमच्या पहिल्या जागेवर औषध कधी नव्हतंच. एक चेहरा होता. तो मागे पडावा, एवढीच तुमच्या मोलपेशींची इच्छा. औषधाचं काम त्या खुंटीला टांगलेलं आहे, म्हणून ते होतंय. आणि उत्तम होतंय.”

“तुम्हाला पाडव्यालाच दिसलं असेल.”

“मला ज्योत किती मोठी ते दिसतं. कशाची, ते दिसत नाही.” त्यांनी मान वळवली. “अंदाज येतो.”

“असं किती जणांचं होतं?”

“तुम्हाला वाटेल त्यापेक्षा पुष्कळ जणांचं. माणसाला एखादी गोष्ट नुसती तिच्यासाठी हवी असते हे फार क्वचित घडतं. भावाला नाही मिळाली म्हणून हवी असते, शेजाऱ्याकडे आहे म्हणून हवी असते. ज्यांचं विरजण असं आंबट, त्यांची कामं सगळ्यात चांगली होतात. वरच्या लोकांना कामं होतात एवढं ठाऊक आहे. पुढचं त्यांनी मला विचारलं नाही, आणि मी सांगायला गेलो नाही.”

“सोडवता येईल?”

“येईल. एका बैठकीत. पण नीट ऐका.” बेडेकर तिच्या समोर स्टूल ओढून बसले. “आपण समजतो की हेवा एका कप्प्यात असतो आणि माया दुसऱ्या. मोलपेशींकडे असे कप्पे नाहीत. त्यांच्याकडे एका माणसाची एकच गाठ असते. हे माणूस मला किती महत्त्वाचं, एवढंच तिथे आहे. भल्यासाठी की वाईटासाठी ते तिथे नाही. गाठ सोडली की सगळंच सुटतं. हेवा जाईल. त्यांच्यासोबत हसावंसं वाटणं, त्यांची काळजी वाटणं, तेही जाईल. बस स्टँडवर उभ्या असलेल्या अनोळखी बाईबद्दल तुम्हाला जेवढं वाटतं तेवढं उरेल.”

“आणि नाही सोडवलं तर?”

“पाडव्याला बंध आपोआप सैल होतो, पण इतका खोल गेलेला पुरता सुटत नाही. तेव्हा सोडायचा की पुन्हा बांधायचा, ते तुम्ही ठरवायचं.”

ती परत आली ती थेट नीलोफरकडे गेली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय तिकडे वळले.

नीलोफर प्रयोगशाळेत खोकी भरत होती. डोळे सुजलेले होते. कोंडमाळला जाऊन ती नुकतीच आली होती. सुगंधाबाईंच्या अंगणात बसली, मुलगा तिला एक शब्द वाकडा बोलला नाही, उलट त्याने पाणी आणून दिलं, हे सांगताना तिचा आवाज फुटला.

“मी राजीनामा देतेय, वैजू. रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवीन. पुढचं तू बघ. संचालकांना मी सांगितलंय, वैजयंतीचं काम पुढे न्या.”

“अगं, एका अपयशाने... तुझा क्रमबंध असा कसा सोडेल तुला?”

नीलोफरने हातातली बाटली खाली ठेवली. “मी क्रमबंध कधी घेतलाच नाही. तुला वाटलं घेतलाय? मला त्या टोपीची भीती वाटते. शिवाय अम्मीचं कधी काय होईल सांगता येत नाही, मला मधूनच उठून जावं लागतं. मी आपली रोज सकाळी ठरवते, आज आधी काय. निम्म्या वेळा चुकतं.”

आजवर वैजयंतीला नीलोफरच्या हुशारीचा हेवा वाटला होता, टाळ्यांचा वाटला होता, संचालकांच्या त्या वाक्याचा वाटला होता. हे त्या सगळ्यांच्या वरचं होतं. जी ओढ आपण टोपी घालून बाहेरून लावून घेतली, ती हिच्याकडे जन्मजात होती. आणि हिला तिची जाणीवसुद्धा नव्हती.

पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती वैजयंतीला जास्त घाबरवून गेली. नीलोफर जाणार होती. पहिल्या जागेवरची इच्छा पुरी होत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिच्या डोळ्यांपुढे उद्याची सकाळ आली. अंगणापलीकडची खिडकी बंद. व्हरांड्यात पावलं नाहीत. तिने आपल्या प्रयोगांचा विचार केला, आणि ते सगळे विझलेले दिसले. कुप्या नुसत्या काचेच्या, विष नुसतं पिवळं पाणी. कशासाठी उठायचं सकाळी? कुणाच्या पुढे जायचं?

“सड्यावरचं गवत,” ती बोलून गेली.

“काय?”

“उन्हाळ्यात वाळतं ना, ते. त्याचा अर्क घाल तुझ्या प्रतिपिंडांत. उन्हात टिकतात. मी पाहिलंय.”

नीलोफर तिच्याकडे बघत राहिली. “कधी पाहिलंस?”

त्या प्रश्नात संशय नव्हता. नीलोफरच्या स्वभावात संशय नव्हताच. वैजयंतीच्या ओठांवर ‘मे’ हा एकाक्षरी महिना आला. तो उच्चारला असता तर मे आणि सप्टेंबर यांच्या मधोमध सुगंधाबाई येऊन उभ्या राहिल्या असत्या, आणि नीलोफर तिच्याकडे पुन्हा कधी वळली नसती.

“आत्ताच,” ती म्हणाली. “जुने नमुने चाळत होते. काल.”

नीलोफरने तिला मिठी मारली. ती हुंदके देत होती, हसत होती, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, “तुझ्यासारखी मैत्रीण कुणाला मिळते गं! दुसरी असती तर गप्प बसली असती.” वैजयंतीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मैत्रिणीचा होता की स्पर्धक हातचा जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या बाईचा, हे तिला कळेना. बेडेकरांच्या यंत्रालाही ते कळलं नसतं. त्याने फक्त रेघ दाखवली असती.

खोकी पुन्हा उघडली गेली. हिवाळाभर काम चाललं. अर्क घातलेलं औषध उन्हात टिकलं, पावडर करून खिशात महिनाभर बाळगलं तरी टिकलं. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा नीलोफरने वैजयंतीचं नाव पहिलं घातलं, स्वतःचं नंतर.

“हे काय? काम तुझं आहे,” वैजयंती म्हणाली.

“ते तुझ्यामुळे जिवंत झालं. मी संचालकांनाही सांगितलंय. उगाच वाद घालू नकोस.”

इतकी वर्षं ज्या जागेसाठी तिचा जीव जळत होता ती जागा नीलोफरने पानाचा विडा द्यावा तशी तिच्या हातावर ठेवली होती. वैजयंतीला त्यात काही गोडी लागली नाही. देण्यातही तीच पुढे गेली होती. लोक आता वैजयंतीचं नाव पहिलं वाचत आणि नीलोफरच्या मनाचा मोठेपणा वाखाणत. त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सुहासने “काय झालं?” विचारलं तर “ॲसिडिटी” म्हणाली.

फाल्गुनात काजूच्या बागेत बोंडू गोळा करताना एका तरुण सुनेला फुरसं चावलं. आरोग्य केंद्र डोंगराच्या पलीकडे होतं, पण वाडीतल्या आशाताईंच्या पिशवीत, सुया आणि गोळ्यांच्या सोबत, औषधाची कुपी होती. संशोधन केंद्रात फोन आला तेव्हा दोघी जीपने निघाल्या. पोचेपर्यंत ती मुलगी, रंजना तिचं नाव, पडवीत बसून बशीतून चहा पीत होती. हात सुजलेला, पण डोळे टवटवीत. सासू नीलोफरचे हात धरून रडायला लागली. नीलोफरने ते हात हळूच सोडवले आणि वैजयंतीच्या हातांत दिले.

“माझे नको, आजी. हिचे धरा. ही नसती तर काही झालं नसतं.”

म्हातारीने वैजयंतीच्या तळव्यांवर कपाळ टेकलं. वैजयंती रंजनाकडे बघत राहिली. मुलगी वाचली होती, आणखी पुष्कळ जणी वाचणार होत्या, आणि ते खरोखरच तिच्यामुळे होतं. एका मत्सरी बाईला आपली वैरीण गमवायची नव्हती, म्हणून होतं. औषधाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते तेवढ्याच इमानाने काम करत होतं.

परतताना दुपार कलली होती. नीलोफर रात्रभर अम्मीच्या उशाशी जागी होती. जीप घाटाला लागेपर्यंत तिचा डोळा लागला, आणि डोकं वैजयंतीच्या खांद्यावर आलं. तिच्या केसांत आता पांढऱ्या बटा दिसत होत्या. एसटीत, वडील गेले त्या दिवशी, वैजयंती हिच्याच खांद्यावर अशी झोपली होती.

फोन थरथरला. बेडेकरांचा निरोप होता. पाडवा जवळ आला आहे. बंध सोडायचा की पुन्हा बांधायचा, ते कळवावं.

सोडला तर किती हलकं वाटेल याची ती कल्पना करू लागली. खिडकीकडे नजर जाणार नाही. रात्री झोप लागेल. आणि खांद्यावरचं हे डोकं म्हणजे गाडीत शेजारी बसलेल्या कुणा प्रवासिणीचं डोकं होईल. संकोचाने बाजूला सरकून बसावं असं. मग मे महिन्याचं खरंसुद्धा सहज सांगता येईल, कारण ऐकल्यावर हिला काय वाटेल याची पर्वाच उरणार नाही. तिने नीलोफरकडे पाहिलं. ही हरावी असं तिला अजूनही वाटत होतं, अगदी आतड्यापासून. आणि हिला काही झालं तर आपण जगणार नाही असंही वाटत होतं. दोन्हीतलं एक वेगळं काढायला गेलं तर कुठे कापायचं ते तिला दिसेना.

तिने लिहिलं, ‘बांधा.’

“कुणाचा मेसेज?” नीलोफर झोपेतच पुटपुटली.

“कुणाचा नाही. कामाचा.”

“बरं,” म्हणून ती पुन्हा झोपली. रस्ता खराब होता, गाडीला धक्के बसत होते. तिचं डोकं घसरू नये म्हणून वैजयंतीने खांदा जरा उचलून धरला, आणि नीलोफरच्या औषधात अजून कुठे उणीव सापडेल याचा ती शांतपणे विचार करू लागली.